नाल्याच्या बांधावरचं कुर्डू

कुर्डू म्हणजे तण. माझे सासरे भगवानराव, मी त्यांना मामाजी म्हणते, त्याला तणसुद्धा म्हणत नसत, शिवीच घालत. कपाशीत उगवलं, सोयाबीनमध्ये उगवलं, की उपटून फेकायला बाया लावायच्या. गुडघ्याएवढं रोप, वर गुलाबी टोकाचा तुरा, खाली तोच तुरा चांदीसारखा पांढरा. दिसायला देखणं आणि कामाला शून्य, असं आमच्या घरात धरलेलं होतं. या शून्याचं आमच्या घरानं काय काय खाल्लं ते आधी सांगते. मला लाज वाटते, म्हणूनच आधी सांगते.

आषाढात कुर्डूला कोवळे शेंडे येतात. तेव्हा कपाशी वीतभर असते आणि घरात भाजीला काही नसतं. चंपाबाई आमच्याकडे निंदणाला यायची. बौद्धवाड्यातली, पन्नाशी उलटलेली, उभं आयुष्य आमच्याच शेतात खुरपं चालवलेलं. निंदता निंदता ती शेंडे खुडून ओच्यात टाकायची आणि संध्याकाळी त्यातले अर्धे आमच्या पायरीवर ठेवून जायची. तुरीची डाळ आणि लसूण घालून मी ती भाजी घोटायची. मामाजी दोनदा मागून घ्यायचे. चंपाबाईचा चहाचा कप मात्र बाहेरच्या कोनाड्यात पालथा असायचा आणि चहा वरून ओतायचा. तिनं खुडलेल्या भाजीला विटाळ नव्हता, कपाला होता. मी भैंशाहून लग्न होऊन आले तेव्हा याचं मला आठ दिवस नवल वाटलं. नवव्या दिवशी मीही वरून ओतू लागले.

मग बिया. कुर्डूचं बी मोहरीहून बारीक, काळं, चकचकीत. चार वर्षांपूर्वी मामाजींना मुतखडा झाला आणि हा एवढा दांडगा माणूस जमिनीवर गडबडा लोळला. आदिलाबादच्या डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलं, तेव्हा ऑपरेशनच्या नावानं तर आणखी रडले. चंपाबाईनं वाळलेल्या तुऱ्यांतून बी झाडून आणलं, कुटून, खडीसाखर घालून एकवीस दिवस रोज सकाळी आणून दिलं. खडा पडला. बियांनी पडला की लोटाभर पाणी रोज पोटात गेलं म्हणून पडला, देव जाणे. पण पडला, आणि मामाजींनी तो काडेपेटीत ठेवला. आजही पाहुणे आले की ती काडेपेटी बाहेर निघते. पाहुण्यांना खडा दाखवतात, बी कुणी दिलं ते सांगत नाहीत.

आणि तिसरं, फूल. ते आमच्या कामाचं नव्हतं. आमच्याकडे तेलुगू लोकांचा बतुकम्मा सण असतो. नऊ दिवस बायका तबकात फुलांचे थर रचतात, भोवती टाळ्या वाजवत फेर धरतात आणि शेवटी ते फुलांचं शिखर पाण्यात सोडतात. त्या थरांत कुर्डू लागतंच. त्याला ते गुनुगु म्हणतात. आम्ही ज्याला खुरप्यानं खणून काढतो त्याला त्या बायका हात लावण्याआधी कपाळाशी नेतात. कारण एकच, कुर्डू कोमेजत नाही. तोडून चार दिवस झाले तरी तुरा तसाच ताठ. चंपाबाईच्या घरी बुद्धाचा फोटो, बतुकम्माशी तिचा संबंध नाही. पण फुलांचं तिला कळायचं. नऊ वर्षं ती हायवेपलीकडच्या एका मुलींच्या वसतिगृहाला कुर्डू पुरवत होती. तिथल्या वार्डन मॅडमना दुसऱ्या कुणाचं कुर्डू चालत नसे.

हल्ली कुर्डू मिळणं अवघड झालंय. सगळे तणनाशक मारतात, बांधसुद्धा सोडत नाहीत. एक आमचा नाल्याचा बांध तेवढा राहिला होता, तिथे पंप घेऊन उतरायला वाट नाही म्हणून. तिथे कुर्डू असं माजायचं की पलीकडे वाकलेला माणूस दिसत नसे. बाया यायच्या, मामाजी ओरडायचे, बाया हसत हसत तोडून न्यायच्या.

आता बाटलीचं सांगते, कारण सगळं त्या बाटलीवर झालं. आमच्या भागात रिवाज आहे. बांधावर किंवा शेतात जहाल औषध मारलं, की त्याची रिकामी बाटली काठीला उलटी टांगून तिथे रोवायची. गवत कापणाऱ्या बायांना, शेळ्या चारणाऱ्यांना ती खूण. बाटली दिसली की कुणी पाऊल टाकत नाही. अक्षर न येणाऱ्यालाही ती वाचता येते. आमच्या मामाजींनी या खुणेची माती केली. औषध न मारता ते बाटल्या टांगायचे. बोरीखाली बाटली, विहिरीजवळ बाटली, नाल्याच्या बांधावर तर बारमाही बाटली. शेळ्या येऊ नयेत, बाया येऊ नयेत म्हणून. दोन वर्षं बाया भ्यायल्या. तिसऱ्या वर्षी चंपाबाईनं नाल्याची बाटली काढून हुंगली, उन्हानं पांढरं पडलेलं तिचं लेबल पाहिलं आणि सगळ्यांना सांगितलं, की मालकाची बाटली नुसती बुजगावणं आहे. तेव्हापासून आमच्या बाटलीला गावात कुणी विचारेना. बाया तिच्याकडे पाहून हसायच्या.

मागच्या वर्षी भाद्रपदात चंपाबाई आमच्या अंगणात आली ती चेहरा उजळलेली. तिची मुलगी भाग्यश्री इंटर झालेली, नवऱ्यानं टाकलेली, दोन वर्षांपासून आईकडे. आमची भांडी, आमचं अंगण तीच करायची आणि हंगामात कापूस वेचायची. वार्डन मॅडमनी तिला वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात कामाला घ्यायचं कबूल केलं होतं. राहायला खोली, दोन वेळचं जेवण, आणि पुढे शिकायचं असेल तर तेही बघू म्हणाल्या. शेवटच्या दिवशीचा मोठा बतुकम्मा झाला की दुसऱ्या दिवशी ये, असं ठरलं. भाग्यश्रीनं पत्र्याची पेटी रंगवून घेतली होती.

चंपाबाई पायरीवर बसली, मी वरून चहा ओतला. ती म्हणाली, "बाई, माह्या हाताले घट्टे पडले ते पडले. माह्या पोरीच्या हातात खुरपं नाई राह्यलं पाह्यजे. बस्स, येवढं एक झालं का मी सुटली."

मी बरं झालं म्हणाले. मनात म्हणाले, आता भांडी कोण घासणार. खोटं कशाला सांगू, हेच म्हणाले.

मामाजी आत झोपाळ्यावर बसून ऐकत होते. बाहेर आले आणि चंपाबाईशी गोड बोलले. पोरगी हुशार आहे, जाऊ दे म्हणाले. ती गेल्यावर मला म्हणाले, की दसऱ्यानंतर कापूस फुटणार, वेचायला माणूस मिळत नाही, आणि ही एक गेली की तिचं पाहून चार पोरी जातील. मग त्यांनी विचारलं, बतुकम्मा कोणत्या तारखेला आहे. मी कॅलेंडर पाहून सांगितलं. तारीख मीच सांगितली.

त्या वर्षी सणाच्या नऊ दिवसांत मामाजी नाल्याकडे ओरडायला गेले नाहीत. बाया थोडं थोडं कुर्डू नेत होत्या, ते ओट्यावर बसून पाहत होते. ओरडणारा माणूस गप्प बसला तेव्हाच समजायला हवं होतं. मला समजलं होतं. काय ते कळलं नव्हतं, पण काहीतरी आहे एवढं समजलं होतं.

मोठ्या बतुकम्माच्या आदल्या दिवशी ऊन उतरल्यावर आमचा सालदार महिपत हौदाजवळ फवारणीचा पंप भरत होता. मी विचारलं, आता कशावर फवारणी. त्यानं वर पाहिलं नाही. "नाल्याच्या बांधावर मारा म्हणते मालक," एवढं म्हणाला. तिथे उतरायला वाट नाही म्हटल्यावर म्हणाला, की मालकानं कालच झाडं तोडून वाट करायला लावली.

मामाजी हातात जुनी बाटली घेऊन आले. नवी, आत्ता रिकामी झालेली बाटली हौदाच्या कठड्यावर होती. महिपतनं ती टांगायला उचलली तर त्यांनी हातातून घेतली.

"नवी नको. हेच जुनी लाव, जिथं व्हती तिथंच," म्हणाले.

महिपत थोडा वेळ पंपाचा पट्टा खांद्यावर सारखा करत राहिला. मग म्हणाला, "मालक, उद्या सकाळी चंपाबाई येईन तोडाले."

"मंग? बाटली हाय नं टांगेल."

महिपत गेला. त्याला दोष देत नाही, त्याचं साल आमच्याकडे बांधलेलं. मी तर कुणाची बांधलेली नव्हते. मी मामाजींना म्हटलं, की फुलं जळलेली दिसली तर ती तोडणारच नाही, मग फायदा काय. मला वाटलं, मी मोठी शहाणी, त्यांचा डाव मोडला. ते हसले. मला पोरीला समजावतात तसं समजावून सांगितलं.

"हे औषध अंधारात झोपते, सुनबाई. ऊन लागलं का जागं होते. सकाळी ते तोडीन तवा तुरा ताजाच दिसन. दुपारी तिथं, त्या मॅडमच्या अंगणात मान टाकीन. तेलुगू लोकाइले माहीत हाय, बतुकम्माचं फूल मांडता मांडता मेलं म्हंजे काय व्हते ते. ठेवीन का मंग पोरीले?"

त्यांनी हात धुतले, साबणानं दोनदा धुतले, आणि जेवायला काय आहे विचारलं.

चंपाबाईचं घर आमच्यापासून चालत पाच मिनिटं. भाग्यश्रीचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, भांड्यांसाठी रोज लावत होते. मी काय केलं तर भाकऱ्या थापल्या. नवरा उटनूरला कचेरीत कामाला, शनिवारी येणार, त्याला विचारीन असं मनाशी म्हणाले, आणि शनिवारला तीन दिवस होते. मी भ्याले होते का? थोडी. पण खरं सांगायचं तर मला भाग्यश्री जायला नको होती. दिवाळीची साफसफाई तोंडावर होती. एका पोरीच्या जन्माच्या वाटेत मी माझी घासायची भांडी आणून ठेवली.

सकाळी झुंजुमुंजू होताना दोघी मायलेकी चादरींची गाठोडी डोक्यावर घेऊन आमच्या दारावरून गेल्या. दहिवरानं भिजलेलं कुर्डू गाठोड्याबाहेर आलं होतं, प्रत्येक तुरा ताठ. भाग्यश्रीनं जांभळी साडी नेसलेली, हातात रंगवलेली पेटी, उद्याची खेप वाचावी म्हणून. चंपाबाई थांबली आणि हसून म्हणाली, "येता का बाई बतुकम्माले? मॅडमनं सगळ्या बायाइले बलावलं." मी येते म्हणाले. त्या पुढे गेल्या. एक तुरा आमच्या अंगणात पडला होता. तो मी हातानं उचलला नाही, झाडूनं लोटला.

मला जायचं नव्हतं. मामाजींनीच पाठवलं. काय होतं ते पाहून ये म्हणाले. मी कलाबतूच्या काठाची साडी नेसले, शेजारच्या दोघींबरोबर ऑटोत बसले आणि गेले.

वसतिगृहाच्या अंगणात शंभरेक मुली होत्या. मधोमध सतरंजीवर पितळेची मोठी तबकं, भोपळ्याची पानं, झेंडूचे ढीग, तरवडाची पिवळी फुलं आणि चंपाबाईचं कुर्डू. चंपाबाई मांडी घालून जुड्या बांधत होती. तिची रीत अशी, की मूठभर देठं दातांत धरायची, दोन्ही हातांनी दोरा आवळायचा, मग देठं सारखी छाटायची. तिच्या इतक्या झपाट्यानं कुणालाच जमत नव्हतं. मुली ती छाटलेली जुडी घेऊन टोकं रंगाच्या वाटीत बुडवत होत्या. भाग्यश्री स्वयंपाकघरातून सगळ्यांना चहा आणून देत होती. तिनं मलाही दिला. वार्डन मॅडम ठेंगण्या, गोऱ्या, भारी हसऱ्या बाई. त्या मला म्हणाल्या, की तुमच्या शेतातलं फूल आहे ना, तुमच्यामुळे आमचा सण. मी तो चहा प्यायले.

दहा वाजले. ऊन अंगणात आलं. चंपाबाईनं दोनदा ओठ पुसले, पाणी मागून चूळ भरली. चुन्यानं तोंड आलं वाटतं म्हणाली आणि पुन्हा देठं दातांत धरली. मी चार हातांवर बसले होते. तेव्हाही बोलता आलं असतं. तेव्हा बोलले असते तर फुलं गेली असती, पण तिचं तोंड वाचलं असतं.

अकराच्या पुढे पहिली पानं ठिपक्याठिपक्यांनी तपकिरी झाली. मुलींनी ती पानं खुडून टाकली. मग तुऱ्याखालचे देठ मऊ पडले. रचलेल्या थरातला एक तुरा वाकला, मग त्या बाजूचे सगळे. गुलाबी टोकं राखेच्या रंगाची झाली. नऊ वर्षांत ज्या फुलानं कधी मान टाकली नव्हती, ते तासाभरात उकडलेल्या भाजीगत बसलं आणि वरचा हळदीचा गोळा, म्हणजे त्यांची गौरम्मा देवी, घसरून सतरंजीवर पडला. गाणं थांबलं. स्वयंपाकघरातली म्हातारी तेलुगू बाई "अपशकुनम" म्हणून तोंडावर पदर घेऊन मागे सरली. दोन मुली हात चोळू लागल्या, आग होतेय म्हणाल्या. एकीच्या बोटांवर फोड आले होते.

मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. सगळ्या मुलींना नळावर पिटाळलं, साबण लावायला लावलं. मग त्या चंपाबाईसमोर उभ्या राहिल्या आणि फुलं कुठून आणली ते विचारलं. चंपाबाईनं सांगितलं, दर साली जिथून आणते तिथूनच, भगवानरावांच्या बांधावरून. मॅडम माझ्याकडे वळल्या.

"आपके खेत में दवा मारी थी क्या?"

सगळ्या बायांनी माझ्याकडे पाहिलं. भाग्यश्रीनं पाहिलं. चंपाबाईनं तर असं पाहिलं, की आता बाई सांगतील आणि सगळं नीट होईल. तिच्या खालच्या ओठाचं कातडं सुटून आलं होतं.

मी म्हणाले, "बोतल टंगी थी, मॅडम. इन को दिखी होगी."

हे वाक्य माझं नव्हतं, मामाजींचं होतं. पण तोंड माझं होतं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता, याचं मला त्या क्षणी बरंसुद्धा वाटलं.

मॅडमनी चंपाबाईला विचारलं, बाटली होती का. चंपाबाई खोटं बोलणारी नव्हे. होती म्हणाली. ती जुनीच असते, बारमाही असते, औषध कधी नसतं, असं ती सांगू लागली, पण तोंड सोललेलं, शब्द नीट फुटेनात, आणि मराठीतलं ते सगळं मॅडमना कळेना. त्यांना एवढंच कळलं, की विषाची खूण पाहूनही या बाईनं फुलं तोडली आणि लेकरांच्या हातांत दिली. त्या ओरडल्या नाहीत. भाग्यश्रीच्या हातातला चहाचा ट्रे त्यांनी काढून घेतला आणि शेजारच्या बाईकडे दिला. पेटी आणली असेल तर घेऊन जा म्हणाल्या. शंभर मुलींचं जेवण मी तुमच्या हाती कसं देऊ, असं त्यांनी विचारलं, आणि तो प्रश्न रास्त होता.

परतताना मायलेकी ऑटोत बसल्या नाहीत. आमचा ऑटो त्यांना ओलांडून गेला तेव्हा भाग्यश्री पुढे, डोक्यावर रंगवलेली पेटी, आणि चंपाबाई मागे पदर तोंडाशी धरून.

मामाजींना मी सगळं सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं, मधे दोनदा विचारलं, ट्रे खरंच काढून घेतला का. मी काय बोलले ते सांगितल्यावर म्हणाले, शाब्बास. सासरच्या घरात मला मिळालेली ती पहिली शाबासकी.

चंपाबाई महिनाभर पेज पिऊन होती. जिभेचं, गालाचं सालपट गेलं, उजव्या हाताची नखं काळी होऊन गळाली. सरकारी दवाखान्यात तिनं सांगितलं, चुकून झालं. दसऱ्यानंतर आठ दिवसांनी कापूस फुटला आणि भाग्यश्री आमच्या कपाशीत वेचायला आली. तिच्याबरोबर त्या चार पोरीही आल्या, ज्या जातील म्हणून मामाजींना भीती होती. सकाळी ती आमची भांडी घासायची. कोनाड्यात आता दोन कप पालथे असायचे.

तोंड बरं झाल्यावर चंपाबाई एकदा आली. पायरीवर बसली नाही, अंगणात उभी राहिली. मला हळू विचारलं, "बाई, बाटली तर जुनीच व्हती. तुमाले मालूम व्हतं का?"

मी नाही म्हणाले. घरात बायांना कोण सांगतं म्हणाले. ती बरं म्हणाली आणि गेली. मला वाटलं, संपलं.

यंदाच्या आषाढात, एका बुधवारी, दुपारी जेवणाच्या आधी ती ओच्यात कुर्डूची भाजी घेऊन आली. दर वर्षीसारखी अर्धी वाटून नाही, सगळी पायरीवर ओतली. कोवळे, लुसलुशीत शेंडे. मी विचारलं, कुठली.

"नाल्याच्या बांधावरची," ती म्हणाली.

"तिथं बाटली हाय नं?"

"हाय की. टांगेल हाय."

जुनी की नवी, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर मला काय काय माहीत होतं ते उघडं पडलं असतं. मामाजी आतून म्हणाले, कुर्डू आलं का, आजच कर. चंपाबाई म्हणाली, मी बसते जराशी, पाय दुखून राह्यले. आणि पायरीवर बसली. तिथून स्वयंपाकघराचं दार सरळ दिसतं.

मी भाजी तीन पाण्यांनी धुतली. मग चौथ्यांदा धुतली. डाळ शिजवली, लसूण घातला, घोटली. चव पाहायला पळी तोंडाशी नेली आणि परत ठेवली. मामाजींचं ताट वाढलं. भाजी कुठून आली ते त्यांना सांगावं असं एकदा मनात आलं, कारण नाल्याच्या बांधावर त्यांनी या वर्षीही काही मारलं का, ते त्यांनाच ठाऊक. पण विचारायला गेले तर चंपाबाई ऐकणार. न विचारणं सोपं होतं. त्याची मला सवय झाली होती. त्यांनी पहिली वाटी संपवली, दुसरी मागितली, मी वाढली. तू बस जेवायला म्हणाले, तर मी म्हणाले, आज माझा उपास आहे.

बुधवारी आमच्या घरात कुणाचाच उपास नसतो. मामाजींच्या ते ध्यानात आलं नाही, ते खात होते.

पायरीवरून चंपाबाई उठली. दाराच्या उंबऱ्यापाशी आली. आमच्या उंबऱ्याशी ती कधी येत नसे. तिनं भाजीचं पातेलं मागितलं, आणि का कोण जाणे, मी दिलं. ती तिथंच खाली बसली आणि उरलेली भाजी बोटांनी खाऊ लागली. नखं नसलेली बोटं. शांतपणे, सगळी खाल्ली, पातेल्याच्या काठाला लागलेलीसुद्धा पुसून खाल्ली.

"साजरी भाजी हाय," ती म्हणाली. "सकाळी आमी दोघींनंबी हेच खाल्ली. यंदा काईच मारलं नाई तिथं, महिपतले इचारून आली मी."

मी पळी धुवायला घेतली.

"सासऱ्याले दोन डाव वाढलं तुमी, अन् सोता हात नाई लावला. तवाबी असंच केलं व्हतं नं, बाई?"

तिनं आवाज चढवला नव्हता. उत्तरासाठी थांबलीही नाही. पातेलं हौदावर नेऊन घासलं, कोनाड्यातल्या दोन कपांच्या शेजारी पालथं घातलं आणि फाटक ओढून घेऊन गेली.

आतून मामाजींनी विचारलं, भाजी उरली आहे का. मी संपली म्हणून सांगितलं.